पाकीट तासगावात गेलं, कर्ज दुसऱ्या जिल्ह्यात निघालं: एका दिवाणजींचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळद-बेदाण्याच्या अडत दुकानात गेली पंचवीसेक वर्षं दिवाणजी म्हणून काम करणाऱ्या गृहस्थांच्या चोरीला गेलेल्या पाकिटाचं, आणि त्यातल्या कागदांवर निघालेल्या कर्जाचं हे प्रकरण आहे. यार्डात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, सगळे दिवाणजीच म्हणतात. मीही इथे तेच म्हणतो. त्यांच्या संमतीनं लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून रकमा आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत, पण कोणता निर्णय कधी आणि का घेतला, हे जसं घडलं तसंच ठेवलं आहे. मी कर सल्लागार आहे. त्यांचं आयकर विवरणपत्र दर वर्षी मी भरतो आणि या प्रकरणातला बहुतेक पत्रव्यवहारही मीच केला.

दिवाणजी हिशोबाला पक्के. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, करताना तोलाई, हमाली वजा जाता रुपयाचा फरक पडू देणार नाहीत. आयुष्यात एकच कर्ज काढलं, तेही मुदतीआधी फेडलं. २०२५ च्या जानेवारीत त्यांना घरावर मजला चढवायचा होता आणि त्यासाठी आपल्या सहकारी बँकेत कर्जाचा अर्ज करायचा होता. या अर्जामुळे पुढचं सगळं वेळेत उघडकीला आलं, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो.

पाकिटात काय होतं

लांब कातडी पाकीट. रोख ७,५०० रुपये, त्यात मंडळाच्या वर्गणीचे काही. एका राष्ट्रीयीकृत बँकेचं डेबिट कार्ड, सहकारी बँकेचं रुपे कार्ड, मूळ पॅन कार्ड, वाहन परवाना, चार पासपोर्ट फोटो. शिवाय घडी घातलेला एक संच. पतसंस्थेनं केवायसी, म्हणजे ओळख आणि पत्त्याचे कागद, नव्यानं मागितली होती, म्हणून आधार आणि पॅन एकाच पानावर घेतलेली झेरॉक्स, तिच्याखाली त्यांनी स्वतः केलेली साक्षांकनाची सही, आणि सोबत एक रद्द केलेला चेक. सोमवारी दुकानात जाता जाता देऊन टाकू, म्हणून शनिवारीच तयार करून ठेवलेला.

रोख आणि कार्डं ही चोराची त्या दिवसापुरती कमाई. कार्ड एका फोनवर बंद होतं. पण सही केलेली, कशासाठी दिली ते न लिहिलेली झेरॉक्स कुणाला फोन करून बंद करता येत नाही. या प्रकरणात जे काही शिकण्यासारखं आहे ते बहुतेक त्या घडी घातलेल्या कागदात आहे.

आणखी एक गोष्ट. डेबिट कार्डाचा पिन होता १९७१, म्हणजे जन्मवर्ष. आणि जन्मतारीख त्याच पाकिटात पॅनवर, परवान्यावर आणि आधारच्या झेरॉक्सवर, अशी तीन ठिकाणी छापलेली.

त्या रविवारी काय घडलं

८ सप्टेंबर २०२४, ऋषिपंचमी. तासगावच्या गणपतीचा रथोत्सव या दिवशी असतो. माणसं दोरानं रथ ओढतात, गुलालानं रस्ते लाल होतात, आणि पंचक्रोशीतलं निम्मं माणूस तिथं लोटतं. दिवाणजी दर वर्षी जातात. पाकीट पँटच्या मागच्या खिशात, मोबाइल शर्टाच्या खिशात.

तीनच्या सुमाराला पेढे घ्यायला खिशात हात घातला तर पाकीट नाही. मोबाइल काढला तर बँकेचे तीन संदेश आलेले होते. दोन वाजून आठ मिनिटांनी पेट्रोल पंपावर २,००० रुपये, पुढच्या पंधरा मिनिटांत एका दुकानात ४,६०० रुपये, आणि पावणेतीनला एटीएममधून १०,०००. ढोल-ताशात एकाही संदेशाचा आवाज कानावर आला नव्हता.

पहिले दोन व्यवहार टॅप करून, म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून झालेले. २०२१ च्या १ जानेवारीपासून ५,००० रुपयांपर्यंतच्या टॅप व्यवहाराला पिन लागत नाही, त्यामुळे चोराला काही माहीत असण्याची गरजच पडली नाही. एटीएमला मात्र पिन लागतो, आणि तो त्यानं जन्मवर्षावरून ओळखला असावा, असा आमचा अंदाज आहे. दुसरा काही खुलासा आम्हाला सापडला नाही.

दिवाणजींनी पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीला फोन लावला. कार्ड बंद करायचा नंबर कार्डाच्या मागे छापलेला, आणि कार्ड चोराकडे. मुलीनं इंटरनेटवर बँकेचं नाव आणि ‘कस्टमर केअर’ असं शोधलं. वर आला त्या नंबरवर फोन केला. समोरचा माणूस अगदी अदबीनं बोलला, तक्रार नोंदवतो म्हणाला, आणि मग एक ॲप मोबाइलवर घ्यायला सांगितलं, ज्यातून त्याला तिचा स्क्रीन दिसला असता. तिथं ती थांबली. फोन कापला आणि वडिलांना म्हणाली, “आबा, घरी आईला फोन करा, पासबुकाच्या पहिल्या पानावरचा नंबर वाचायला सांगा.”

त्या नंबरवर कार्ड बंद झालं तेव्हा पावणेचार वाजत आले होते. मधल्या वेळात, खोट्या हेल्पलाइनशी बोलणं चालू असतानाच, एटीएममधून आणखी १०,००० रुपये निघाले.

मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. घाबरलेला माणूस आधी शोधतो ते इंटरनेटवरच, आणि असे नंबर पेरून बसणाऱ्यांना ते ठाऊक असतं. तिनं ॲप घेतलं असतं तर बापाबरोबर तिचंही खातं मोकळं झालं असतं. ती जिथं थांबली ती जागा मला या सगळ्या प्रकरणात फार महत्त्वाची वाटते.

सहकारी बँकेचं कार्ड त्याच पद्धतीनं, पासबुकावरच्या नंबरवरून बंद झालं. त्यातून काही गेलं नव्हतं. मोबाइल चोरीला गेला नाही हे मोठं नशीब. यूपीआयचा पिन नव्यानं ठेवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, मुदत आणि त्या सिमवर येणारा ओटीपी एवढंच बहुतेकदा पुरतं. कार्ड आणि सिम एकाच चोराच्या हाती गेलं की खातं उघडं पडतं. दोन्ही गेली असती तर मी सगळ्यात आधी सिम बंद करायला सांगितलं असतं, कार्ड त्यानंतर.

त्याच संध्याकाळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे दुसऱ्याच्या खात्यात वळले असतील तर ते वाटेत अडवण्यासाठी ही यंत्रणा फार उपयोगी पडते. इथे रोख निघालेली आणि माल घेतलेला, त्यामुळे अडवण्यासारखं काही नव्हतं. तरीही तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि वेळ मिळाली, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो क्रमांक कामाला आला.

चोरी की गहाळ

रविवारी रात्री दिवाणजी माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा विचार पक्का झालेला होता. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर वस्तू हरवल्याची नोंद करता येते, तिचा दाखला लगेच मिळतो, परवान्याची दुय्यम प्रत काढायला तो चालतो. “साहेब, नको त्या भानगडी. हरवलं म्हणून लिहूया आणि मोकळं होऊया. चोर काय सापडणार आहे का?”

चोर सापडणार नाही हे मलाही पटत होतं. तरी मी गहाळ नोंदीला विरोध केला, आणि आमचं बराच वेळ बोलणं झालं. माझं म्हणणं असं होतं की हा कागद पोलिसांनी चोर शोधावा म्हणून लागणार नाही. सहा महिन्यांनी कुणी त्यांच्या नावावर काही केलं, तर अमुक तारखेपासून माझे हे हे कागद माझ्या ताब्यात नव्हते आणि ते चोरीला गेले होते, असं दाखवायला लागणार. गहाळ नोंदीत माणूस स्वतःच म्हणतो की कागद माझ्या हातून कुठंतरी पडले. उद्या एखादा कर्ज देणारा विचारेल, पडले कशावरून, तुम्हीच कुणाला दिले नसतील कशावरून?

एक कायद्याचा मुद्दाही होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, आणि ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणजे पाकिटात दोन हजार असते तर साधी अदखलपात्र नोंद होऊन थांबलं असतं. इथे नुसती रोखच त्या मर्यादेच्या वर होती. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते, ती मग योग्य ठाण्याकडे वर्ग होते. त्यामुळे पुन्हा तासगावला जायची गरज नव्हती. सोमवारी सकाळी सांगलीतच फिर्याद दिली. प्रत मोफत मिळते, तीही त्यांनी लगेच घेतली.

फिर्यादीचा मजकूर आम्ही आदल्या रात्री लिहून काढला होता, आणि त्यात मी एका गोष्टीचा आग्रह धरला. ‘कागदपत्रे’ असा मोघम शब्द वापरायचा नाही. मूळ पॅन कार्ड, परवाना, आधार व पॅनची एकाच पानावरची स्वाक्षरी केलेली झेरॉक्स, अमुक बँकेचा अमुक क्रमांकाचा रद्द केलेला चेक, चार फोटो, असं सगळं नावानिशी लिहिलं. फोटो कशाला लिहायचे, असं दिवाणजींना वाटत होतं. डिसेंबरात त्याच फोटोंनी त्यांची बाजू उचलून धरली.

बँकेकडून काय मिळालं, काय नाही

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक त्या वेळी इथे लागू पडत होतं. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात निघालं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुणीतरी गैरव्यवहार केला, आणि ग्राहकानं बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवस लागले तर मर्यादित भार. त्यापुढे बँकेच्या धोरणानुसार. कळवल्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं रक्कम तात्पुरती जमा करायची आणि नव्वद दिवसांत निकाल द्यायचा. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं.

सोमवारी शाखेत लेखी तक्रार दिली. सोबत फिर्यादीची प्रत आणि १९३० चा क्रमांक जोडला आणि पोच घेतली. टॅपचे ६,६०० रुपये दहा दिवसांच्या आत तात्पुरते जमा झाले आणि पुढे कायम झाले. एटीएमचे २०,००० रुपये बँकेनं नाकारले. कारण दिलं की व्यवहार बरोबर पिन टाकून झाले आहेत.

इथे दिवाणजींनी हार मानली. “पिन माझाच सोपा होता, मग मागू कुठल्या तोंडानं?” मी त्यांना सांगितलं की त्याच परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलेला आहे, आणि तीस दिवसांत बँकेकडून समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे एक पैसा न भरता ऑनलाइन तक्रार करता येते. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत तेव्हा ही सोय होती. ते तयार झाले नाहीत. निर्णय त्यांचा, मी मान राखला. तरी माझं मत आजही असंच आहे की जायला हवं होतं. सगळे पैसे परत मिळाले असते असं मी म्हणत नाही. पण दुसरे १०,००० खातेदार कार्ड बंद करायला धडपडत असताना गेले, आणि तेवढं तरी मांडून पाहण्यासारखं होतं.

जे नंबर बदलत नाहीत

नवीन डेबिट कार्ड आलं, त्याचा क्रमांक नवा. परवान्याची दुय्यम प्रत परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवरून काढली. ती येईपर्यंत डिजिलॉकरमधला परवाना दाखवला तरी चालतो, तो वैध धरला जातो. पॅन कार्ड पुन्हा छापून मागवलं. पण पॅनचा क्रमांक तोच राहतो, आणि आधारचाही तोच. कार्ड चोरीला गेलं म्हणून नवा आधार क्रमांक मिळत नाही. तेव्हा यापुढे करायचं होतं ते या क्रमांकांवर पहारा ठेवण्याचं काम.

आधारचे बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बायोमेट्रिक माहिती एमआधार ॲपमधून कुलूपबंद केली. झेरॉक्सवर ठसा नसतो हे खरं, पण आधार क्रमांक बाहेर गेल्यावर ठशावर पैसे काढण्याच्या सोयीचा गैरवापर होऊ शकतो, आणि कुलूप लावायला पैसे लागत नाहीत. घरात एक अडचण निघाली ती रेशनची. रेशन दुकानात मशीनवर दिवाणजींचाच अंगठा लागायचा, तो आता चालला नसता. रेशन कार्डावर नाव असलेल्या कुणाचाही अंगठा चालतो, म्हणून वहिनी, म्हणजे दिवाणजींच्या पत्नी, जायला लागल्या आणि कुलूप तसंच ठेवलं. त्याच ठिकाणी गेल्या सहा महिन्यांत आपला आधार कुठं कुठं पडताळला गेला त्याची यादीही दिसते. ती दर महिन्याला बघायची सवय मुलीनं लावून घेतली.

मग दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते पाहिलं. तीन निघाले, त्यातला एक अनोळखी. दिवाणजींचा चेहरा पडला. तो नंबर आपला नाही असं कळवण्याचं बटण समोर होतं, आणि मुलगी ते दाबणारच होती. मी थांबवलं, आधी घरात विचारा म्हटलं. दोन तासांनी उलगडा झाला. सात-आठ वर्षांपूर्वी गावाकडच्या थोरल्या भावाला यांनीच आपल्या कागदांवर सिम घेऊन दिलं होतं. बटण दाबलं असतं तर भावाचा फोन बंद पडला असता. अशा वेळी संशय सगळ्यांवरच येतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून त्यावर कुठं नोंदणी आहे का तेही पाहता येतं. तिथं काही निघालं नाही. आयकर पोर्टलवरचं वार्षिक माहिती विवरणही स्वच्छ होतं.

शेवटचा पहारा क्रेडिट अहवालाचा, म्हणजे आपल्या नावावर कुणाकडून किती कर्ज आहे आणि हप्ते वेळेवर जातात का ते दाखवणाऱ्या अहवालाचा. देशात असा अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही एकदम काढले तर वर्षभर हात रिकामे, म्हणून एकेक करून काढायचे ठरले. सप्टेंबरअखेरीस पहिला काढला. स्वच्छ होता. दिवाणजी निर्धास्त झाले.

डिसेंबरमधला अहवाल

मजल्याच्या कर्जाचा अर्ज जानेवारीत करायचा होता, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या कंपनीचा अहवाल काढला. त्यात ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या खरेदीच्या दिवसांत, एका वित्त कंपनीनं दिलेलं ३८,००० रुपयांचं कर्ज होतं, मोबाइल खरेदीसाठी. एक हप्ता थकलेला.

दिवाणजींना त्याबद्दल एकही फोन आला नव्हता, कारण कर्जाच्या अर्जावर मोबाइल नंबर दुसऱ्याचाच होता. अशा अहवालात बहुतेक लोक वरचा गुण, म्हणजे क्रेडिट स्कोअर बघतात आणि पान बंद करतात. मी सगळ्यांना सांगतो की गुणाआधी वैयक्तिक माहितीचा भाग वाचा, आपल्या नावापुढे कुठले फोन नंबर आणि पत्ते लावले आहेत ते बघा, आणि मग कुणी कुणी चौकशी केली ती यादी वाचा. इथे अनोळखी फोन नंबर आणि दुसऱ्या जिल्ह्यातला पत्ता, दोन्ही वैयक्तिक माहितीत दिसत होते.

हप्ता का थकला तेही नंतर कळलं. चोरीला गेलेल्या रद्द चेकवरून खात्यातून आपोआप हप्ता जाण्याचा आदेश भरला होता, पण सही जुळली नाही म्हणून बँकेनं तो फेटाळला. सही जुळली असती तर दर महिन्याला दोन-अडीच हजार गुपचूप जात राहिले असते, आणि इतक्या लवकर ते ध्यानात आलं असतं का, याची मला शंका आहे.

आम्ही एकाच दिवशी दोन अर्ज केले. एक क्रेडिट माहिती कंपनीकडे ऑनलाइन हरकतीचा, दुसरा वित्त कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. दुसऱ्या अर्जात फिर्यादीची प्रत जोडून कर्जाची पूर्ण फाइल मागितली: अर्ज, फोटो, ओळखपत्रांच्या प्रती, दुकानाचं बिल आणि विकलेल्या मोबाइलचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक.

फाइल आली. अर्जावर दिवाणजींचा फोटो चिकटवलेला, पाकिटातल्या चारांपैकी एक. सोबत तीच झेरॉक्स, एका पानावर आधार आणि पॅन, खाली त्यांची सही. आणि त्या झेरॉक्सवर दुकानातल्या विक्री प्रतिनिधीचा शिक्का, मूळ कागद पाहून खात्री केल्याचा. मूळ आधार तर घरातल्या कपाटात होतं.

“आठ हजार भरा, मिटवून टाकू”

हरकत घेतल्यावर चार-पाच दिवसांत दिवाणजींना एक फोन आला. वसुलीचा माणूस. बोलणं गोड. तुमची चूक नाही हे आम्हाला कळतं, पण प्रकरण लांबेल, तुम्हाला घराचं कर्ज घ्यायचं आहे, आठ हजार भरा, खातं मिटवून टाकू, आठवड्यात नाव मोकळं.

या क्षणी दिवाणजी भरायला तयार झाले होते. दुकानातल्या शेठनीही तोच सल्ला दिला, आणि वाईट हेतूनं दिला नव्हता. बाजारात वाद मिटवायची हीच रीत आहे. दोन्ही बाजूंनी थोडं सोडायचं आणि पुढच्या मालाला लागायचं.

मी त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. पैसे भरून खातं मिटवलं की अहवालात ते तडजोडीनं बंद झाल्याचा शेरा येतो, आणि पुढचा कर्ज देणारा तो शेरा असा वाचतो की या माणसानं पूर्ण फेडलं नाही. मजल्याच्या कर्जाला तो शेरा थकबाकीइतकाच आड आला असता. दुसरं म्हणजे, पैसे भरणं म्हणजे कर्ज माझंच होतं, हे कबूल करणं. त्यानंतर फिर्यादीला काय किंमत राहिली असती? ते गप्प बसले, आणि मग म्हणाले, “जे घेतलंच नाही त्याची पावती मी कशी फाडू?” तो निर्णय त्यांचा होता आणि तो बरोबर होता. यापुढे जे बोलायचं ते लेखी बोला, असं त्यांनी त्या माणसाला कळवलं.

दरम्यान पोलिसांकडे पुरवणी जबाब दिला. तोतयेगिरीनं फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९, आणि बनावट दस्तऐवज हे मुद्दे त्यात आले. वित्त कंपनीनं प्रतिज्ञापत्र मागितलं, ते नोटरी करून पाठवलं.

निष्पत्ती

क्रेडिट माहितीतली हरकत तीस दिवसांत निकालात काढावी लागते. २६ एप्रिल २०२४ पासून उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. इथे आठ दिवस उशीर झाला, आठशे रुपये मिळाले, तेही आम्ही नियम दाखवून मागितल्यावर. जानेवारीच्या मध्यावर कर्ज त्यांच्या नावावरून निघालं. अनोळखी फोन नंबर आणि पत्ता मात्र अहवालात तसाच राहिला होता. त्यासाठी वेगळी हरकत घ्यावी लागली.

कर्ज संबंधित व्यक्तीनं घेतलेलं नाही, असं वित्त कंपनीचं पत्र मिळालं. त्या पत्राची प्रत जोडून मजल्याच्या कर्जाचा अर्ज फेब्रुवारीत गेला आणि मंजूर झाला. चोर सापडलेला नाही. मोबाइलचा आयएमईआय पोलिसांकडे आहे. रोख ७,५०० आणि एटीएमचे २०,००० गेले ते गेलेच.

काय वेगळं करता आलं असतं

झेरॉक्सवर आडवं लिहायला हवं होतं: फक्त अमुक पतसंस्थेच्या केवायसीसाठी, आणि तारीख. सही त्या मजकुरावरून गेली असती तर तो कागद दुसऱ्या कामाला लावणं पुष्कळ अवघड झालं असतं. आधारचे शेवटचे चारच अंक दाखवणारी प्रतही आधारच्या संकेतस्थळावरून मिळते आणि बहुतेक कामांना पुरते. सही काउंटरवर उभं राहूनच करायची, घरी करून ठेवायची नाही. दिवाणजी आता तसंच करतात, आणि यार्डातल्या इतरांनाही करायला लावतात.

अहवाल एकेक करून काढायचा माझा सल्ला साध्या दिवसांत ठीक आहे. पण चोरीनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मी आता वेगळं सांगतो. पहिला अहवाल चोरीनंतर सहा-आठ आठवड्यांनी, त्यानंतर दर महिन्याला एक, वेगवेगळ्या कंपनीचा. सप्टेंबरचा स्वच्छ अहवाल खोटा नव्हता. कर्जच ऑक्टोबरात निघालं होतं. घराच्या कर्जाचं निमित्त नसतं तर दुसरा अहवाल कदाचित उन्हाळ्यातच निघाला असता, आणि तोवर पाच-सहा हप्ते थकलेले दिसले असते.

कार्डाची टॅप सोय बंद ठेवणं किंवा तिची मर्यादा कमी करणं बँकेच्या ॲपमधून जमतं, एटीएमची रोजची मर्यादाही तिथंच उतरवता येते. दिवाणजींचा रोजचा खर्च दोन हजारांच्या आत, मर्यादा चाळीस हजारांची. तीच दहा हजारांपर्यंत उतरवलेली असती तर त्या दिवशीचा दुसरा व्यवहार झालाच नसता. आणि बँकांचे हेल्पलाइन नंबर पासबुकावरून उतरवून घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये आधीच साठवलेले हवेत.

राहिला त्या शिक्क्याचा प्रश्न. मूळ कागद न पाहता पाहिल्याचा शिक्का मारणारा प्रतिनिधी अजून कामावर आहे की नाही, ते आम्हाला कळलेलं नाही. दिवाणजींचं काम झालं म्हणून तो मुद्दा आम्ही त्या वेळी बाजूला ठेवला. तो तसाच सोडणं योग्य नाही असं मला वाटलं, कारण त्याच दुकानातून आणखी कुणाच्या नावावर कर्जं निघाली असतील. मार्चमध्ये त्याबद्दल वित्त कंपनीला वेगळं पत्र दिलं आणि प्रत पोलिसांकडच्या फाइलला जोडली. उत्तर यायचं आहे, आणि ते येईपर्यंत दर महिन्याला एक स्मरणपत्र जातं.